लिस्ट यांचा ग्रंथ आणि त्याचे परदेशी वाचक

एका देशातील विचाराचा दुसऱ्या देशावर प्रभाव पडला, असे विधान विचारांच्या इतिहासात पदोपदी आढळते. ते बहुधा खरे असते. परंतु त्याने फारसा बोध होत नाही. प्रभाव म्हटले की ज्याच्याकडून विचार निघाला तो कर्ता ठरतो आणि ज्याने तो घेतला तो केवळ कर्माच्या जागी जाऊन बसतो. प्रत्यक्षात निवड करतो तो घेणाराच. काय घ्यावयाचे, काय वगळावयाचे आणि घेतलेल्यास कोणते नाव द्यावयाचे हे तो ठरवितो, आणि पुष्कळदा त्या नावातच विचाराचे पुढील आयुष्य ठरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन राज्यविचार व अर्थविचार जगभर पसरला, त्याचे स्वरूप या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी एकच ग्रंथ पुरेसा आहे. फ्रीड्रिख लिस्ट यांचा 'राजकीय अर्थशास्त्राची राष्ट्रीय पद्धती' हा ग्रंथ १८४१ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. १८८९ या एकाच वर्षी किएव्ह येथे एका रशियन रेल्वे-अधिकाऱ्याने लिस्ट यांच्यावर पुस्तिका लिहिली आणि जपानमध्ये ग्रंथाचे जपानी भाषांतर बाहेर पडले. तीन वर्षांनी, १८९२ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावरील आपल्या व्याख्यानात लिस्ट व त्यांच्यामागून आलेले जर्मन पंडित यांचा आधार घेतला. ग्रंथ एकच होता. तीन ठिकाणी हाती आलेली वस्तू मात्र एक नव्हती.

ज्यास आपण जर्मन विचार म्हणतो तो निर्भेळ जर्मन नव्हता, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. लिस्ट यांचा जन्म १७८९ साली रॉयटलिंगेन या गावी, कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या घरात झाला. हे गाव पुढे व्युर्टेंबेर्गच्या राज्यात गेले. सरकारी कचेरीत कारकुनी करीत करीत वर चढलेला हा मनुष्य १८१७ साली ट्युबिंगेन विद्यापीठात राज्यकारभाराच्या विषयाचा प्राध्यापक झाला. दोनच वर्षांनी फ्रँकफुर्टच्या जत्रेत जमलेल्या व्यापाऱ्यांच्या वतीने त्यांनी जर्मन राज्यसंघाच्या सभेकडे एक अर्ज लिहून दिला. जर्मनीच्या अंतर्भागात अडतीस जकातसीमा असल्याची, आणि हांबुर्गहून ऑस्ट्रियापर्यंत माल न्यावयाचा तर दहा राज्ये ओलांडून दहा ठिकाणी जकात भरावी लागत असल्याची तक्रार त्यात होती. म्हणजे लिस्ट यांच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ जकाती काढून टाकण्याच्या मागणीने झाला, जकाती बसविण्याच्या नव्हे. पुढे संरक्षणवादाचे आचार्य म्हणून ज्यांचे नाव झाले त्यांच्याविषयी हे सांगितले तर अनेकांस नवल वाटते.

व्युर्टेंबेर्गच्या विधिमंडळात निवडून आल्यावर त्यांनी कारभारावर टीका करणारा अर्ज तयार केला, त्याबद्दल १८२२ साली त्यांना दहा महिन्यांची किल्ल्यातील कैद सुनावण्यात आली. पलायन, परतणे, अटक आणि अखेर देश सोडून जाण्याच्या अटीवर सुटका, या क्रमाने १८२५ साली लिस्ट अमेरिकेस पोहोचले. पेनसिल्व्हेनियात त्यांनी प्रथम शेती केली, ती साधली नाही. मग रेडिंग या गावी एका जर्मन वृत्तपत्राचे संपादन केले, कोळशाच्या खाणी व लोहमार्ग यांच्या उद्योगात शिरले. तेथील कारखानदारांच्या संस्थेसाठी १८२७ साली त्यांनी अमेरिकन अर्थशास्त्राची रूपरेषा मांडणारी पत्रे इंग्रजीत प्रसिद्ध केली. अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा कारखानदारीवरील १७९१ चा अहवाल आणि त्यानंतरचा अमेरिकन संरक्षणवाद यांची पार्श्वभूमी या पत्रांस आहे. तात्पर्य, १८४१ च्या ग्रंथातील मध्यवर्ती कल्पना बऱ्याच अंशी अमेरिकेच्या भूमीवर, अमेरिकन जकातीच्या वादात आकार घेत्या झाल्या. लिस्ट अमेरिकन वकिलाच्या नात्याने जर्मनीत परतले, लाइपझिग ते ड्रेस्डेन या लोहमार्गासाठी झटले, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर पाच वर्षांनी, १८४६ च्या नोव्हेंबरात, आजार व आर्थिक विवंचनेने खचून कुफश्टाइन येथे त्यांनी आत्महत्या केली. जर्मन राज्यांचा जकातसंघ १ जानेवारी १८३४ रोजी अस्तित्वात आला होता. त्याचे श्रेय लिस्ट यांना जितके देण्यात येते तितके प्रत्यक्षात त्यांच्याकडे नाही, प्रशियाच्या अधिकाऱ्यांकडे अधिक आहे; पण दंतकथेला हिशेब ठेवण्याची सवय नसते.

ग्रंथातील युक्तिवाद थोडक्यात असा. अ‍ॅडम स्मिथ यांच्या अनुयायांनी एका टोकास व्यक्ती व दुसऱ्या टोकास अखिल मानवजात एवढीच दोन पदे मानली. मधले पद, म्हणजे राष्ट्र, त्यांनी गाळले. स्मिथपंथीय शास्त्र वस्तूंच्या विनिमयमूल्याचा हिशेब करते. परंतु संपत्ती असणे निराळे आणि संपत्ती निर्माण करण्याची शक्ती असणे निराळे. हा भेद स्पष्ट करण्यासाठी लिस्ट दोन जमीनदार बापांचे उदाहरण घेतात. दोघेही वर्षाकाठी सारखीच रक्कम शिल्लक टाकतात व दोघांसही पाच पाच मुलगे आहेत. एक जण रक्कम व्याजी लावतो आणि मुलांना अंगमेहनतीस जुंपतो. दुसरा ती रक्कम दोघांना जाणते शेतकरी बनविण्यात व तिघांना कलाकौशल्य शिकविण्यात खर्च करतो. विनिमयमूल्याच्या वहीत पहिला श्रीमंत ठरतो. उत्पादक शक्तीच्या वहीत तसे नाही, आणि पुढल्या पिढीत कोणाचे घर वर येईल हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. राष्ट्रांचेही असेच आहे. मागे पडलेल्या राष्ट्राने काही काळ महाग माल पत्करून आपल्या उद्योगांना जकातीच्या आडोशाने वाढू द्यावे. इंग्लंडने हेच केले. वर चढून गेल्यावर शिडी पायाने लोटून दिली, आणि आता खाली राहिलेल्यांना ते खुल्या व्यापाराचा उपदेश करीत आहे, अशी लिस्ट यांची तक्रार होती. या प्रकरणी त्यांनी हिंदुस्थानची साक्ष काढली आहे. हिंदी सुती व रेशमी कापड स्वस्त आणि सरस असतानाही इंग्लंडने ते आपल्या बाजारात येऊ दिले नाही. इतर युरोपास विकले आणि आपण मात्र आपलेच महाग व निकस कापड वापरले. १७०० व १७२१ सालचे इंग्लिश कायदे पाहता या साक्षीत काही खोटे नाही.

येथपर्यंत वाचणाऱ्या हिंदी वाचकास हा ग्रंथ आपलाच वाटावा. परंतु लिस्ट यांच्या मांडणीत दुसरेही एक अंग आहे. त्यांच्या मते कारखानदारी ही समशीतोष्ण कटिबंधाची निसर्गदत्त मिरास होय. उष्ण कटिबंधातील देशांनी कच्चा माल पिकवावा, समशीतोष्ण देशांनी पक्का माल करावा, आणि दोघांनी देवघेव करावी. उष्ण देशाने कारखाने काढू पाहणे ही चूक. संरक्षणाचा अधिकार त्यांनी ज्या राष्ट्रांना दिला त्यांस विस्तृत भूमी, विविध साधनसंपत्ती, मोठी लोकसंख्या व प्रगत राज्यव्यवस्था हवी. या मापात हॉलंड व डेन्मार्कदेखील बसत नव्हते; त्यांनी जर्मन संघात यावे असे लिस्ट सुचवितात. ज्या हिंदुस्थानास साक्षीदार म्हणून उभे केले त्यास दाव्यात पक्षकार होण्याचा अधिकार या ग्रंथाने ठेवला नाही. शिडी लोटल्याचा आरोप करणारा ग्रंथकार दुसऱ्या कोणासाठी शिडी मुळी ठेवीतच नव्हता. लिस्ट यांच्या परदेशी वाचकांची कसोटी या पानांपाशी लागते.

जर्मनीत लिस्ट यांच्यामागून विल्हेल्म रोशर, ब्रूनो हिल्डेब्रांड व कार्ल क्नीस यांचा इतिहासनिष्ठ संप्रदाय आला. अर्थशास्त्राचे नियम पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखे देशकालातीत नसतात, समाजाच्या अवस्थेप्रमाणे ते बदलतात, हे त्यांचे सूत्र. गुस्टाफ श्मोलर यांच्या पिढीने त्यास राज्याच्या कर्तव्याची जोड दिली आणि १८७३ साली सामाजिक धोरणाचा विचार करणारी संस्था स्थापन केली. व्हिएन्नाचे कार्ल मेंगर यांनी १८८३ मध्ये या संप्रदायाच्या पद्धतीवर कडाडून हल्ला चढविला. सामान्य सिद्धांताची जागा माहितीचे ढीग घेऊ शकत नाहीत, हा त्यांचा आक्षेप निरुत्तर करणारा होता असे आज म्हणावयास हरकत नाही. परंतु परदेशातून येणारे विद्यार्थी सिद्धांताच्या काटेकोरपणासाठी येत नव्हते. अमेरिकेचे रिचर्ड इली हायडेलबेर्ग येथे क्नीस यांच्याजवळ शिकून १८७९ मध्ये पदवी घेऊन परतले आणि १८८५ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र-परिषदेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. जो विचार अमेरिकेहून एका निर्वासिताबरोबर जर्मनीत आला होता तो प्राध्यापकी झगा घालून परत अमेरिकेस गेला, असे या घटनेचे वर्णन करण्याचा मोह होतो. पण मधल्या काळात झग्याखालील माणूस पुष्कळ बदलला होता, हेही खरे.

रशियात लिस्ट यांना मिळालेला वाचक सर्वांत सामर्थ्यवान होता. १८८९ ची ती पुस्तिका लिहिणारे सर्गेई विट्टे त्या वेळी किएव्ह येथे नैर्ऋत्य रेल्वेचे व्यवस्थापक होते. त्याच वर्षी ते राजधानीत रेल्वे-कारभाराच्या खात्याचे प्रमुख झाले आणि १८९२ मध्ये अर्थमंत्री. १८९१ ची चढी जकात त्यांच्या आधीच लागू झाली होती, तिच्या तयारीत रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव्ह यांचा मोठा वाटा होता. विट्टे यांनी तिच्या भिंतीआड लोहमार्ग, पोलाद, परकीय भांडवल आणि १८९७ मधील सुवर्णचलन यांची मांडणी केली. लिस्ट यांच्यातील रेल्वेचा पुरस्कर्ता आणि संरक्षणवादी या दोघांनाही विट्टे यांच्या दप्तरात मानाची जागा मिळाली. पण तिसरा एक लिस्ट होता, किल्ल्यातील कैद भोगलेला. स्वातंत्र्य, प्रातिनिधिक संस्था व न्यायाचे राज्य ही देखील उत्पादक शक्तीच होत, हे त्याचे म्हणणे ग्रंथात जागोजागी आहे. झारच्या अनियंत्रित सत्तेचा मंत्री या लिस्टला दप्तराबाहेर ठेवतो, यात आश्चर्य नाही. उद्योग वाढवावा आणि राज्यपद्धतीस हात लावू नये, हा या निवडीचा अर्थ. १९०५ च्या क्रांतीनंतर प्रातिनिधिक सभेचे वचन देणारा जाहीरनामा झारपुढे ठेवण्याची पाळी विट्टे यांच्यावरच आली.

जपानमध्ये भूमी आधीच नांगरलेली होती. जर्मन विद्येच्या प्रसारासाठी टोकियोत १८८१ मध्ये मंडळ स्थापन झाले होते. १८८२-८३ मध्ये इतो हिरोबुमी राज्यघटनेच्या अभ्यासासाठी युरोपात गेले. बर्लिनला रूडोल्फ फोन ग्नाइस्ट व व्हिएन्नाला लोरेन्झ फोन श्टाइन यांच्याजवळ त्यांनी पाठ घेतले. टोकियो विद्यापीठात कार्ल राट्गेन हे जर्मन गृहस्थ राज्यशास्त्र व संख्याशास्त्र शिकवीत होते. हेर्मान रोस्लर यांच्या साहाय्याने सिद्ध झालेली राज्यघटना १८८९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. त्याच वर्षी ओशिमा सादामासु यांनी लिस्ट यांचा ग्रंथ जपानीत आणला. पण भाषांतर जर्मनवरून नव्हे, इंग्रजीवरून झाले. सॅम्प्सन लॉइड या इंग्रज संरक्षणवाद्याने केलेला इंग्रजी अनुवाद १८८५ मध्ये निघाला होता, तो ओशिमा यांच्या हाती होता. म्हणजे जर्मनीचा इंग्लंडविरुद्धचा युक्तिवाद पूर्वेस पोहोचला तो इंग्लिश वेषात.

जपानी ग्रंथाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. 'रि-शि केइझाइरोन', म्हणजे शब्दशः 'रि महाशयांचे अर्थशास्त्र'. लिस्ट या नावाचा आद्य ध्वनी घेऊन त्यास चिनी आडनावाचे चिन्ह बहाल करण्यात आले आणि त्या योगे ग्रंथकार जणू पूर्वेचाच एखादा पंडित होऊन बसला. शीर्षकातून 'राष्ट्रीय' हा शब्द मात्र गेला. तो गेल्याने काही बिघडले का? बहुधा नाही, कारण 'केइझाइ' या शब्दातच त्याचे काम करणारा अर्थ होता. जगाची घडी नीट बसवावी आणि प्रजेचे दैन्य निवारावे, या अर्थाच्या जुन्या चिनी शब्दसमूहाचे ते संक्षिप्त रूप. इंग्रजीतील 'इकॉनॉमी' शब्दाच्या मुळाशी गृहव्यवस्था आहे, जपानी शब्दाच्या मुळाशी राजधर्म आहे. राज्याने प्रजेच्या चरितार्थात लक्ष घालावे की नाही हा प्रश्न मँचेस्टरच्या भाषेत वादाचा होता; जपानी भाषेत तो विचारणेच चमत्कारिक होते. लिस्ट यांना जे सिद्ध करण्यासाठी प्रकरणांमागून प्रकरणे लिहावी लागली ते जपानी वाचकास शब्दकोशातच मिळाले.

दुसऱ्या बाजूने लिस्ट यांचा मुख्य उपाय जपानला वापरता येत नव्हता. १८६६ च्या कराराने आयात मालावरील जकात सुमारे शेकडा पाचवर बांधली गेली होती. जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ मध्ये मिळाले. तोपर्यंत जपानने जकातीचे काम इतर मार्गांनी केले. तोमिओका येथील रेशमाची गिरणी सरकारने १८७२ मध्ये स्वतः उभारली, चालवून दाखविली आणि १८९३ मध्ये खाजगी मालकांस विकली. यावाता येथील सरकारी पोलाद-कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. जकातीचा हात बांधलेला असला तरी राज्य स्वतःचे असल्याने दुसरा हात मोकळा होता.

पुण्यातील वाचकाचे दोन्ही हात बांधलेले होते. हिंदुस्थान सरकारने १८८२ मध्ये, मीठ, दारू यांसारखे थोडे पदार्थ वगळता, आयात जकाती काढून टाकल्या होत्या. लँकेशरच्या गिरणीमालकांस हिंदी बाजार निर्वेध हवा होता, हे त्यामागील एक मोठे कारण होते. परंतु सरकारी कागदात ते अर्थशास्त्राच्या सनातन नियमांच्या भाषेत उतरत असे. रानडे यांच्या १८९२ च्या व्याख्यानाचा रोख या भाषेवर आहे. राज्यशास्त्रात व समाजशास्त्रात देश, काळ, परिस्थिती, लोकांच्या सवयी व परंपरा यांचा विचार केल्यावाचून कोणी नियम लागू करीत नाही. मग एकट्या अर्थशास्त्राचेच नियम भूमितीच्या सिद्धांतांप्रमाणे सर्वत्र सारखे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी ते हॅमिल्टन व कॅरी या अमेरिकनांस, लिस्ट यांना आणि रोशर, हिल्डेब्रांड, क्नीस या जर्मन पंडितांस पुढे आणतात. व्याख्यान इंग्रजीत होते आणि त्यातील युक्तिवादाची ठेवण कायदेपंडिताची आहे. प्रतिपक्षाचे पुरावे प्रतिपक्षाच्याच पंक्तीतून काढावयाचे, युरोपच्या विद्येने युरोपच्या विद्येस छेद द्यावयाचा. खुल्या व्यापाराचे शास्त्र हे शास्त्र नसून एका देशाचा एका काळातील अनुभव आहे, हे पुण्याच्या न्यायाधीशाने स्वतःच्या अधिकारावर म्हटले असते तर ते अडाणीपणाचे ठरले असते. जर्मन विद्यापीठांच्या नावाने म्हटले म्हणजे त्यास उत्तर द्यावे लागे. जर्मन प्रभाव म्हणून ज्याची गणना होते त्याचा निदान काही भाग असा आहे. रानडे यांना विचार नव्याने मिळाला असे नव्हे, तर असलेल्या विचारास बाजारात चालणारे नाणे मिळाले. देशी मालाचा आग्रह लोकहितवादींनी १८४० च्या दशकाच्या अखेरीसच धरला होता आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७० च्या दशकात खादी वापरून तो आचरणात आणीत होते. यांपैकी कोणास लिस्ट यांची गरज पडली नव्हती.

तथापि रानडे यांचे वाचन हे नुसते अवतरण देणे नव्हते. लिस्ट यांच्या ग्रंथातील उष्ण कटिबंधाच्या पानांपाशी ते काय करतात, हे पाहावे. उष्ण कटिबंधातील आशियाने कच्चा माल पिकवावा आणि युरोपच्या समशीतोष्ण देशांनी कारखानदारी व वाहतूक सांभाळावी, ही वाटणी उभयतांस हितकर म्हणून सांगितली जाते, या गोष्टीवर व्याख्यानात कठोर टीका आहे. पण हे मत रानडे रूढ इंग्लिश शास्त्राच्या माथी मारतात. ते लिस्ट यांचेही मत होते, याचा उच्चार ते करीत नाहीत. ही दृष्टिआड झालेली गोष्ट की जाणून केलेले मौन, याचा निकाल व्याख्यानाच्या शब्दांवरून लागत नाही. परिणाम मात्र निश्चित आहे. लिस्ट यांच्या सिद्धांताची एक बाजू घेऊन त्यांच्याच दुसऱ्या बाजूचे खंडन झाले. हिंदुस्थान हा निसर्गाने शेतीस नेमून दिलेला देश नव्हे. तो कारखानदारीचा देश होता, त्याचे उद्योग मोडले आणि लोक जमिनीकडे ढकलले गेले. त्याचे हे खेडवळ होत जाणे अलीकडचे आहे, नैसर्गिक नाही. लिस्ट यांनी इतिहासातून हिंदी कापडाची जी साक्ष काढली होती तिचा पूर्ण उपयोग लिस्ट यांनी केला नाही. तो रानडे यांच्या मांडणीत झाला. जो पक्षकार नव्हता तो दाव्यात उभा राहिला.

दुसरी अडचण याहून बिकट होती. लिस्ट यांच्या मांडणीत राष्ट्र व राज्य यांची फारकत नाही, निदान ध्येय म्हणून नाही. हिंदुस्थानात राज्य होते, ते प्रबळही होते. पण ते राष्ट्राचे नव्हते. ज्याच्या धोरणाने उद्योग मोडले त्याच्याकडेच उद्योग उभारण्याची मागणी करावयाची, असा हा प्रसंग. रानडे यांनी येथे राज्याच्या सिद्धांतापेक्षा राज्याच्या आचरणावर बोट ठेवले. हे सरकार स्वतःस जमिनीचे मालक म्हणविते, देशातील सर्वांत मोठे भांडवलदार आहे, लोहमार्गांच्या कंपन्यांस व्याजाची हमी देते, सिंकोनाची लागवड करते. मग हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व नेमके देशी उद्योगापाशीच का आठवावे? जकातीचा आग्रह धरून काही हाती लागणार नाही हे ओळखून त्यांनी सरकारी पतीवर उद्योगांस कर्ज, सरकारने चालवून दाखविलेले नमुन्याचे कारखाने आणि सरकारी खरेदी देशात करणे, अशा उपायांवर भर दिला. जपानने केले तेच हे, फक्त करणारे राज्य परके.

या शोधात १८९० च्या एका निबंधात ते जावातील डच 'कल्चर सिस्टिम'पर्यंत पोहोचले. व्हान डेन बॉश यांनी १८३० मध्ये सुरू केलेल्या त्या पद्धतीत सरकारी अगाऊ रकमा होत्या, साखरेचे कारखाने होते, हे खरे. पण सक्तीची लागवडही होती आणि तिच्या जुलमाची कहाणी 'मॅक्स हाव्हेलार' या डच कादंबरीने १८६० मध्येच युरोपसमोर मांडली होती. रानडे यांच्या विवेचनात ही सक्ती मागे पडते आणि उद्योगास भांडवल पुरविणारे राज्य पुढे येते. त्यांच्यासारख्या सावध लेखकाच्या हातून असे व्हावे हे खटकते. परक्या राज्याकडूनही उद्योगनिर्मिती होऊ शकते याचे एक तरी उदाहरण त्यांना हवे होते, आणि जर्मनीच्या इतिहासात ते मिळण्यासारखे नव्हते.

राज्यहीन राष्ट्राचा दुसरा वाचक आयर्लंडमध्ये निघाला. आर्थर ग्रिफिथ यांनी १९०५ मध्ये 'शिन फेन' पक्षाचे धोरण मांडताना लिस्ट यांना आपल्या आर्थिक विचाराचे गुरू मानले आणि त्यांचा ग्रंथ प्रत्येक आयरिश माणसाच्या हाती पडावा अशी इच्छा व्यक्त केली. रानडे यांनी परक्या राज्यास राष्ट्राचे कर्तव्य शिकवू पाहिले. ग्रिफिथ यांनी त्याच ग्रंथातून, कर्तव्य करावयाचे तर राज्यच आपले हवे, हा निष्कर्ष काढला. तेरा वर्षांच्या अंतराने एकाच पुस्तकातून निघालेली ही दोन अनुमाने आहेत, आणि लिस्ट यांच्या मांडणीशी दुसरे अधिक जुळते हे मान्य करावे लागेल.

मराठीत या विचाराची परिभाषा कशी घडली, हेही पाहण्यासारखे आहे. 'पोलिटिकल इकॉनॉमी'स एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठीत एक नाव नव्हते. लोकहितवादींच्या १८४९ च्या पुस्तकाचे नाव 'लक्ष्मीज्ञान'; त्यानंतरच्या वर्षांत 'देशव्यवहारव्यवस्था' व 'अर्थशास्त्रपरिभाषा' अशी नावे आढळतात. या तिघांत जर्मनांच्या शब्दास सर्वांत जवळचे नाव 'देशव्यवहार' हे होते, कारण जर्मन भाषेत या शास्त्रास राष्ट्राची किंवा लोकांची अर्थव्यवस्था म्हणण्याचीच वहिवाट होती. टिकले ते 'अर्थशास्त्र'; त्यात देश नाही. म्हणून लिस्ट यांचा आशय सांगताना मराठीस 'राष्ट्रीय' हे विशेषण बाहेरून जोडावे लागते आणि जोडले की ते देशाभिमानाच्या अर्थाने ऐकू येते, शास्त्राच्या अर्थाने नव्हे.

याहून अधिक परिणामकारक ठरला तो दुसरा शब्द. लिस्ट जकातीचे समर्थन राष्ट्राच्या औद्योगिक शिक्षणाच्या भाषेत करतात. जर्मन लेखनात अशा जकातीस 'एर्त्सीउंग्सत्सोल' हे नाव आहे. 'एर्त्सीउंग' म्हणजे मुलाचे संगोपन व शिक्षण. संगोपनास शेवट असतो. मूल वाढले की ते संपते, न संपले तर संगोपनच फसले असे म्हणतात. इंग्रजीत बाल-उद्योगाचे रूपक राहिले, पण धोरणाचे नाव झाले 'प्रोटेक्शन'. मराठीत 'संरक्षण', जपानीतही त्याच अर्थाचे 'होगो'. संरक्षणास मुदत नसते. भिंत बांधणारा ती कधी पाडावयाची हे ठरवून बांधीत नाही. लिस्ट यांनी संरक्षण तात्पुरते व केवळ कारखानदारीपुरते मागितले होते, शेतमालास नाही. हा बारकावा ग्रंथात शाबूत राहिला, शब्दात राहिला नाही.

हिंदुस्थानात आयात जकात १८९४ मध्ये परत आली ती महसुलासाठी, आणि तिचा लाभ देशी गिरण्यांस होऊ नये म्हणून त्यांच्या मालावर अंतर्गत कर बसला. १८९६ पासून आयात कापडावर आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावर सारखाच शेकडा साडेतीन कर होता. हिंदी कापडावरील कर रद्द होण्यास १९२६ साल उजाडावे लागले. दरम्यान १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाने भेददर्शी संरक्षणाची शिफारस केली. संरक्षण मागणाऱ्या उद्योगास तीन अटी घालण्यात आल्या. देशात त्यास नैसर्गिक अनुकूलता असावी, साहाय्यावाचून त्याची वाढ होणे अशक्य असावे, आणि कालांतराने संरक्षणाविना जगाशी स्पर्धा करण्यास तो समर्थ व्हावा. तिसरी अट ही संगोपनाची कल्पनाच होय. शब्दातून गळालेली मुदत येथे कलम होऊन आली. १९२३ मध्ये जकात मंडळ नेमले गेले आणि त्याच्या पहिल्या चौकशीनंतर पोलादास १९२४ च्या कायद्याने तीन वर्षांसाठी संरक्षण मिळाले. १९२७ मध्ये ते सात वर्षांनी वाढविण्यात आले, १९३४ मध्ये पुन्हा वाढले, आणि प्रत्यक्षात १९४७ पर्यंत चालू राहिले.